थायलंडात इंग्रजी शिकवायला जावं का? (हिशेब मांडून सांगा)

साखळीची_मास्तरीण

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचते आहे, आज पहिला धागा काढतेय. सांभाळून घ्या.

मी गोव्यातल्या साखळीची. एम.ए. इंग्रजी, बी.एड., वय २८. चार वर्षं दोन वेगवेगळ्या उच्च माध्यमिक शाळांत लेक्चर बेसिसवर शिकवतेय. महिन्याला हातात १८ ते २० हजार येतात, तेही तास झाले तर. गणेश चवथीची सुट्टी कोरडी, दिवाळीची कोरडी, मे महिना तर ठणठणीत. दर जूनमध्ये पुन्हा मुलाखत, पुन्हा त्याच कागदांच्या झेरॉक्स. आता झेरॉक्सवालासुद्धा विचारतो, "टीचर, यंदा पण?"

एका एजंटामार्फत थायलंडच्या एका खासगी शाळेची ऑफर आलीय. बँकॉकपासून बसने दोन तास. पगार २५,००० बाट, करार १० महिन्यांचा, राहायची सोय आपली आपण करायची. एजंट ७० हजार रुपये मागतोय आणि म्हणतो, "आधी टुरिस्ट म्हणून जा, बाकी तिथं बघून घेऊ."

घरी आई एकटी असते. ती तोंडाने जा म्हणते, पण दोन दिवस झाले भांडी जरा जोरात घासतेय.

इथे कोणी बाहेर इंग्रजी शिकवून आलंय का? महिन्याला खरंच किती उरतात? "अनुभव समृद्ध करतो" वगैरे नको, कृपया आकडे सांगा.

पात्राव_७७

२५,००० बाट म्हणजे साठ-पासष्ट हजार रुपये. विचार कसला करतेस गो, बॅग भर!

कुळागरवाली

पात्राव, बाटचे रुपये करून जो भुलला तो गेलाच. भाडं कोण भरणार, तुमचे बापूय?

तीन_वर्षं_बाटात

मी जाऊन आलोय, २०१६ ते २०१९, थायलंडच्या ईशान्य भागात. म्हणून जरा लांबण लावतो.

पहिलं म्हणजे एजंटाला आजच नमस्कार कर. थायलंडला पर्यटक म्हणून जाणं सोपं आहे हे खरं, पण पर्यटक म्हणून शिरून वर्गात उभं राहणं बेकायदा. पकडलं तर शाळा हात वर करते आणि दंड तू भरतेस. रीतसर रस्ता असा: शाळा कागद पाठवते, त्यावर आपण मुंबईच्या थाई वकिलातीतून नॉन-इमिग्रंट बी (कामासाठीचा) व्हिसा काढायचा, तिथे पोचल्यावर वर्क परमिट, मग इमिग्रेशनकडून मुदतवाढ. जी शाळा हे कागद पाठवायला कांकू करते ती पगारही तसाच देणार.

आता आकडे. माझा पगारही शेवटी २५,००० च होता, त्यामुळे तुला सरळ लागू पडेल. महिन्याचा खर्च साधारण असा व्हायचा. खोली ५,०००. वीज-पाणी १,२००, कारण मालक युनिटला सात-आठ बाट लावायचा, सरकारी दराच्या जवळजवळ दुप्पट. पंख्यावर राहिलीस तर वाचलीस, एसी लावलास तर गेलीस. जेवण ६,५००. स्कूटरचं भाडं आणि पेट्रोल १,५००. फोन ४००. सोशल सिक्युरिटी ५ टक्के कापायचे, पण कमाल ७५०, म्हणून ७५०. बेरीज १५,३५०. उरले ९,६५०.

गुणिले १२ करू नकोस! करार १० महिन्यांचा आहे. मे मध्यापासून मार्च मध्यापर्यंत. मार्च-एप्रिल त्यांची उन्हाळी सुट्टी, तेव्हा पगार नाही, पण खोलीचं भाडं असतं आणि पोटही असतं. म्हणजे १० महिन्यांचे ९६,५००, त्यातून दोन कोरड्या महिन्यांचे २५ हजार गेले. वर्क परमिटचे ३,१००, मुदतवाढीचे १,९००, आणि मधे घरी यायचं म्हणून री-एंट्री परमिट, ते अनेक वेळचं घेतलं तर ३,८००. हे परमिट न घेता देशाबाहेर पाऊल टाकलंस की व्हिसा तिथेच मेला. आमच्यातल्या एकाने आजी गेली म्हणून घाईत विमान पकडलं आणि सगळी वारी पहिल्यापासून केली.

हाती राहिले ६२ हजार बाटच्या आसपास. अडीचच्या भावाने दीड लाख रुपये. विमान आणि भारतातले कागद यांचे साठ हजार वजा कर. पहिल्या वर्षी लाखभर शिल्लक, तीही बिअर न पिता.

दुसऱ्या वर्षी भारतातल्या कागदांचा खर्च नाही, एप्रिलमध्ये समर कॅम्प मिळतो, आणि भाषा थोडी आली की शनिवारी शिकवण्या मिळतात. (शिकवणीची परवानगी वर्क परमिटवर लागते. सगळे न घेता करतात. मी काय केलं ते इथे लिहीत नाही.)

साखळीची_मास्तरीण

बाप रे. मी खरंच गुणिले १२ केलं होतं. वहीत लाल पेनाने खोडलं आत्ताच.

पात्राव_७७

मी माझा प्रतिसाद मागे घेतो. बॅग अर्धी भर.

शारजावाली_बाय

मास्तरीणबाई, थायलंडच का? तुमच्याकडे बी.एड. आहे. आखातात भारतीय शाळांत आधी बी.एड.च बघतात. मी सहा वर्षं शारजात होते, सीबीएसई शाळेत, सहावी ते आठवीला इंग्रजी. पगार ४,८०० दिरहम, त्यावर कर नाही. दिरहम डॉलरला बांधलेला असल्यामुळे रुपया घसरला की आमच्या स्टाफरूममध्ये पेढे. २०२२ पासून शारजात शुक्र-शनि-रवि तीन दिवस सुट्टी, हे सुख वेगळंच.

मात्र करारावर सही करताना "बेसिक" किती ते बघा. माझ्या ४,८०० तले बेसिक फक्त २,९००. सोडताना जी ग्रॅच्युइटी मिळते ती बेसिकवर: पहिली पाच वर्षं वर्षाला २१ दिवसांचा पगार, त्यापुढे ३० दिवसांचा. सहा वर्षांचे मला १३,०५० दिरहम मिळाले. एकूण पगारावर मिळतील म्हणून मी घराच्या छपराचा अंदाज काढून बसले होते. छप्पर अर्धं झालं, उरलेल्या अर्ध्यावर अजून जुनीच कौलं आहेत.

तीन_वर्षं_बाटात

बाय, तुमचं पटतं, पण शारजात तुम्ही आपलीच मुलं शिकवलीत. केरळची, हैदराबादची, थोडी आपली. सकाळी प्रार्थना, दुपारी युनिट टेस्ट. मला जे मिळालं ते वेगळं होतं. सकाळी आठला राष्ट्रगीत, ४८ मुलांचा वर्ग, "गुड मॉर्निंग टीचाऽऽ" असा हेल, आणि एकाही मुलाला माझं आडनाव उच्चारता येत नाही.

शारजावाली_बाय

वेगळं ते कसलं भाऊ, अट्ठेचाळीस मुलांचा वर्ग म्हणजे वाळपईच की.

मांडवीकाठ

😂 बायने एका वाक्यात विकेट काढली.

फोंड्याचा_वकील (वकील नाही, नुसतं नाव)

एजंटाबद्दल कोणी नीट बोललं नाही म्हणून लिहितो. परदेशी नोकरीसाठी माणसं भरती करणाऱ्याला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते आणि नोंदणीकृत एजंटाला ३० हजार रुपये अधिक जीएसटी याच्या वर सेवाशुल्क घेता येत नाही. ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृतांची यादी आहे, त्यात याचं नाव शोधा. ७० हजार मागतो यातच उत्तर आलं.

दुसरं, हे गमतीवारी नेऊ नका. थायलंडच्या नोकरीचं आमिष दाखवून मुलांना म्यानमारच्या सीमेवर म्यावाडीला नेऊन सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपण्याचे प्रकार झालेत. २०२२ पासून मंत्रालय इशारे देतंय. बहुतेकांना "आयटी", "डेटा एन्ट्री" सांगितलं होतं, शाळा नव्हे, पण "आधी टुरिस्ट म्हणून जा" हे वाक्य तेच. शाळेचा पत्ता नकाशावर शोधा, शाळेच्या नंबरावर स्वतः फोन करा, तिथं शिकवणाऱ्या कोणाशी तरी व्हिडिओवर बोला.

साखळीची_मास्तरीण

यादीत नाव नाही. आत्ताच बघितलं. पोटात गोळा आला.

कोरियाचं_स्वप्न

माझीही भर. मला दक्षिण कोरियाला जायचं होतं. सहा महिने यूट्यूब बघून कोरियन अक्षरं शिकलो. मग कळलं की तिथला भाषाशिक्षकाचा ई-२ व्हिसा मुख्यतः सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. भारतीयांसाठी एक अरुंद दार आहे म्हणतात, व्यापार करारातलं, पण मला आजवर कोणी त्यातून गेलेला भेटला नाही. आता मी कोरियन मालिका सबटायटलशिवाय बघतो एवढाच फायदा.

बार्देशकार

अरे मग पोर्तुगीज पासपोर्ट काढ! आजोबा १९६१ च्या आधीचे असतील ना? अर्धं बार्देश काढून बसलंय.

कोरियाचं_स्वप्न

काढला असता, पण पोर्तुगाल त्या सातांत नाही. शिवाय तिकडची नागरिकता घेतली की इथला पासपोर्ट जातो. म्हणजे इंग्लंडात स्विंडनच्या गोदामात चाललं असतं, तेही ब्रेक्झिटच्या आधी. इंग्रजी शिकवायला युरोपचा नागरिक असून उपयोग नाही, इंग्रजांचाच हवा.

मांडवीकाठ

साडेचारशे वर्षं राज्य करून गेले आणि ज्या भाषेत नोकरी आहे ती नाही शिकवली. चुकीचे साहेब आले हो आपल्या वाट्याला.

पेडण्याची_सून

😂😂 मांडवीकाठ, हे फ्रेम करून लावा.

ओसाकाकर

जपानबद्दल सांगतो. नियम असा की शाळेत परकीय भाषा शिकवायच्या व्हिसासाठी त्या भाषेतून किमान १२ वर्षं शिक्षण झालेलं हवं. आता मास्तरीण, एक सांगा, प्राथमिक कुठल्या माध्यमातून?

साखळीची_मास्तरीण

चौथीपर्यंत सरकारी मराठी शाळा. पाचवीपासून इंग्रजी. गोव्यात आमच्या पिढीचं असंच.

ओसाकाकर

मग बोटं मोजा. पाचवी ते बारावी ८, बी.ए. ३, झाले ११. एम.ए.ची २ धरून १३. नुसत्या बी.ए.वर थांबला असता तर एका वर्षाने राहिला असता! माझा मेहुणा डिचोलीचा, बी.ए.वर थांबला, ११ वर अडकला. त्याला मी अजून "इलेव्हन" म्हणतो.

देवनागरीचा_भक्त

बघा! तरी म्हणत होतो. २०११ मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान दिलं तेव्हा आम्ही रस्त्यावर होतो. पण हा धागा वाचून वाटतं की मुलांना पहिलीपासून...

कुळागरवाली

नको! माध्यमाचा वाद इथे नको! तो धागा वेगळा आहे, ४०० प्रतिसादांवर बंद केलाय, तिथेच राहू दे.

देवनागरीचा_भक्त

वाक्य तरी पुरं करू द्या. मी म्हणत होतो की पहिलीपासून इंग्रजी हवं असं वाटू लागेल, पण वाटून घेऊ नका. ही मुलगी मराठी शाळेत चौथी शिकून इंग्रजीत एम.ए. झाली आणि परक्या देशातून तिला बोलावणं आलंय. याहून मोठा पुरावा कोणता हवा?

मांडवीकाठ

भक्तबुवा, १ नंबर. आता थांबा.

माशाचा_मास्तर

मी मालदीवमध्ये चार वर्षं काढली, २०१२ ते २०१६, उत्तरेकडच्या एका बेटावर. बेट एवढं की संध्याकाळी फिरायला निघालो की पाऊण तासात स्वतःच्याच पाठीला पोचायचो. शाळा इंग्रजी माध्यमाची, रविवार ते गुरुवार. मुलं प्रेमळ, पालकही. भारतीय शिक्षकांना तिथे पिढ्यान्‌पिढ्या मान आहे. आमच्या मुख्याध्यापकांना शिकवणारे मास्तर केरळचे होते.

पैशाचं दुखणं वेगळं. पगार रुफियात. डॉलरचा अधिकृत दर १५.४२, पण त्या दराने बँकेत डॉलर मिळायचेच नाहीत, महिन्याला ठरावीक तुकडा मिळायचा. बाहेर बाजारात १७ च्या वर. म्हणजे पगार वाढला नाही तरी घरी पाठवताना आपोआप कापला जायचा. करार बघताना "पगार किती" याच्या आधी "पगार कुठल्या चलनात आणि बाहेर कसा जातो" हे विचारा. बाटाला तो त्रास नाही, हे तुमच्या बाजूचं.

जेवणाचं मात्र काय सांगू. सकाळी मस हुनी, म्हणजे कुपा मासा, ओलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू एकत्र कालवलेलं, आणि त्याबरोबर रोशी, आपल्या चपातीची चुलतबहीण. पहिल्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं, मिरचीनेही आणि आईच्या आठवणीनेही. चार वर्षांनी मात्र कुपा बघितला की तोंड फिरवायचो. कुपा, कुपा, कुपा. बांगडा स्वप्नात यायचा.

पात्राव_७७

आणि फेणी?

माशाचा_मास्तर

लोकवस्तीच्या बेटावर दारूला बंदी. चार वर्षांत माझं यकृत डॉक्टरने कौतुकाने बघितलं.

पेडण्याची_सून

मी बाहेर गेलेच नाही, पण बाहेरचं इंग्रजी घरातून शिकवते, चार वर्षं झाली. तुर्की, ब्राझील, जपान, सगळीकडचे मोठे विद्यार्थी, बहुतेक नोकरीवाले. नियम आधीच सांगते: ज्या संकेतस्थळावर मी आहे ते प्रत्येक नव्या विद्यार्थ्याच्या पहिल्या तासाचे १०० टक्के स्वतः ठेवतं. पुढच्या तासांचे ३३ टक्के, तास वाढत गेले की उतरत १८ टक्क्यांपर्यंत. सुरुवातीला मी तासाला ५ डॉलर लावले, हातात ३.३५ यायचे. आता १३ लावते आणि तेवढ्यात विद्यार्थी टिकतात.

आधी चिनी मुलांना शिकवणाऱ्या मैत्रिणी होत्या, त्या बऱ्या कमवायच्या. जुलै २०२१ मध्ये चीनने खासगी शिकवण्यांवर निर्बंध आणले आणि परदेशातून शिकवणं बंद केलं, एका महिन्यात सगळं गार. म्हणून एका देशावर, एका संकेतस्थळावर संसार मांडू नका.

पावसात मात्र पेडण्याची लाईट. जूनमध्ये इन्व्हर्टर घेतला तो पहिल्या सहा महिन्यांच्या कमाईतून. जपानी विद्यार्थी अंधारात माझा चेहरा शोधत "आर यू ओके, टीचर?" विचारतो. आता त्याला "पावस" हा शब्द येतो.

ओसाकाकर

त्याला "लाईट गेली" पण शिकवा, मग तो पेडणेकरच.

हिशेबनीस

मी सीए नाही, पण सीएच्या ऑफिसात बावीस वर्षं बसतोय, म्हणून थोडं.

मास्तरीण, तुम्ही कधी जाता यावर बरंच अवलंबून आहे. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाला त्या आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांहून कमी राहिलं तर अनिवासी धरतात. १० मेला गेलात तर भारतातले दिवस ४०. मार्च मध्यात परत आलात तरी आणखी १७. अनिवासी. थाई पगारावर भारतात कर नाही. पण १ नोव्हेंबरला दुसऱ्या सत्राला गेलात तर एप्रिल ते ऑक्टोबर २१४ दिवस इथेच झाले, त्या वर्षी तुम्ही निवासी, जगभरचं उत्पन्न इथे दाखवायचं. कर बहुधा शून्यच येईल, कारण नव्या पद्धतीत निवासींना १२ लाखांपर्यंत सूट आहे, पण रिटर्नमध्ये परदेशी बँकखात्याची माहिती भरावी लागते, ती चुकवू नका.

थायलंडकडचं: वर्षाचे २,५०,०००. नोकरदाराला खर्चापोटी निम्मे, कमाल १,००,००० वजा. स्वतःचे ६०,००० वजा. उरले ९०,०००. पहिल्या १,५०,००० वर कर नाही. म्हणजे तिकडेही शून्य. पगारातून कापलेच तर वर्षाअखेर परत मागा.

गेल्यावर इथलं साधं बचत खातं एनआरओ (अनिवासीचं इथल्या पैशांचं खातं) करून घ्या आणि एक एनआरई (बाहेरून पाठवलेल्या पैशांचं) उघडा. पाठवलेले पैसे एनआरईत टाका, त्याच्या व्याजावर इथे कर नाही. हे लोक विसरतात आणि मग पाच वर्षांनी आमच्या ऑफिसात पिशवी घेऊन येतात.

कुळागरवाली

वाचनखूण साठवली. हिशेबनीस, आमच्या नातेवाइकांची पिशवी पाठवू का?

जुना_शिक्षक

सगळे पैशांचं बोलताय. मी निवृत्त मुख्याध्यापक, जरा उलट बोलतो. बाहेर जाऊन दहा महिन्यांत लाख रुपये. इथे वीस हजार, पण आईचं जेवण, घर आपलं. खर्च फारसा नाही. मग शिल्लक तेवढीच! जायचं कशाला? आणि इथली सरकारी जागा निघाली तर?

तीन_वर्षं_बाटात

सर, गोव्यात सरकारी नोकरीचा अर्ज ४५ व्या वर्षापर्यंत भरता येतो. ती २८ ची आहे. तीन वर्षांनी ३१ ची होईल. जागा निघायची ती तेव्हाही निघेल, किंवा निघणार नाही.

शिल्लक तेवढीच, हे मात्र मान्य. मी तेच सांगतोय, पैशासाठी थायलंडला जाऊ नये. पैशासाठी शारजा. थायलंडने मला दुसरं काहीतरी दिलं आणि ते मला नीट लिहिता येत नाही. माझ्या शाळेत एक ब्रिटिश होता, पगार ३८,०००. मी २५,०००. आणि फिलिपिन्सच्या दोघीजणी १८,००० वर. वर्गात सगळ्यांत उत्तम त्या दोघी. ब्रिटिशाला प्रेझेंट परफेक्ट कधी वापरतात ते सांगता यायचं नाही, "इट जस्ट साऊंड्स राइट" म्हणायचा. रात्री मला फोन करून विचारायचा. मी मराठी शाळेत तर्खडकरी पद्धतीने घोटलेलं व्याकरण त्याला समजावायचो आणि सकाळी तो ते वर्गात शिकवायचा, १३,००० बाट जास्त घेऊन. पहिल्या वर्षी याचा संताप यायचा. दुसऱ्या वर्षी मी त्याच्याकडून दर फोनमागे एक जेवण वसूल करायला लागलो.

जुना_शिक्षक

व्याकरण शिकवलंत ना त्याला? मग झालं. तो तुमचा विद्यार्थी.

शारजावाली_बाय

सर, असल्या विद्यार्थ्याकडून फी घ्यायला हवी होती.

साखळीची_मास्तरीण

सर, तुमचा प्रश्न मी आईलाही विचारला. म्हटलं, शिल्लक तेवढीच असेल तर कशाला जाऊ? ती म्हणाली, "दर जूनमध्ये तुझं तोंड बघवत नाही." पुढे बोलली नाही. भांडी मात्र हळू घासली.

पेडण्याची_सून

🙏

तीन_वर्षं_बाटात

मग कागदांचं ऐक. मी इथे चार हजार फुकट घालवले. डिग्रीवर अपोस्टिल, म्हणजे करारातल्या सगळ्या देशांत चालणारा सरकारी शिक्का, मारून घेतलं, मोठ्या हौशीने. थायलंड अपोस्टिल करारात नव्हता, चाललं नाही. परराष्ट्र मंत्रालयाचं साधं प्रमाणीकरण आणि त्यावर थाई वकिलातीचा शिक्का असं लागलं. तू करण्याआधी शाळेलाच लेखी विचार, त्यांना नेमकं काय हवंय. पोलीस क्लिअरन्स पणजीच्या पासपोर्ट ऑफिसातून. आणि मूळ इंग्रजी भाषक नसलेल्यांना टोइकची परीक्षा, ६०० गुण. तुला डाव्या हाताचा मळ आहे, पण तारीख लवकर घे.

हुकमाचं पान तुझ्याकडे आहे ते बी.एड. बहुतेक परदेशी शिक्षक तिथे तात्पुरत्या परवान्यावर शिकवतात, दर दोन वर्षांनी शाळेच्या हातापाया पडून. शिक्षणशास्त्राची पदवी असेल तर थाई शिक्षक परिषदेकडे खऱ्या लायसन्सचा मार्ग मोकळा असतो. पगाराची घासाघीस करताना हे बोल. आम्ही भारतीय "दिलंत तेवढं बास" म्हणून सही करतो.

शारजावाली_बाय

यूएईलाही अपोस्टिल चालत नाही हो. राज्य, मंत्रालय, दूतावास, मग तिकडचं मंत्रालय. माझ्या डिग्रीच्या मागे एवढे शिक्के आहेत की पुढे काय लिहिलंय ते दुय्यम.

शिवराक_सोमवार

माझा छोटा प्रश्न. सोमवारी शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवणाऱ्याचं तिथे काय होतं?

तीन_वर्षं_बाटात

जड जातं. भाजी मागवली तरी तिच्यात "नाम पला", म्हणजे माशाचं पाणी. "जे" हा शब्द पाठ करा, पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर दिसेल, ती शुद्ध शाकाहारी गाडी. त्यात लसूण-कांदाही नसतो, म्हणजे सोमवारच काय, श्रावणही निघेल.

देवनागरीचा_भक्त

चवथीला सुट्टी मिळते का?

तीन_वर्षं_बाटात

नाही. ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे सत्राचा मध्य. ऑक्टोबरात सुट्टी असते, दिवाळी लवकर आली तर नरकासुर मिळतो. मी तीन माटोळ्या (गणपतीवर बांधतात ती फळाफुलांची आरास) व्हिडिओ कॉलवर बघितल्या. आमचा काका फोन माटोळीला टेकवून विसरला आणि मी दोन तास नुसती सुपारीची पेण बघत बसलो होतो. कॉल तोडवेना.

साखळीची_मास्तरीण (२३ दिवसांनी)

मंडळी, धागा वर काढतेय.

एजंटाला नाही म्हटलं. आधी गोड बोलला, मग ७० चे ४० केले, मग म्हणाला, "तुमच्यासारख्या मुलींना बाहेरचं जमत नाही." ब्लॉक केलं.

शाळेचा नंबर नकाशावरून काढून स्वतः फोन केला. शाळा खरी निघाली! तिथल्या फिलिपिनो बाईंशी तासभर व्हिडिओवर बोलले. त्या नऊ वर्षं तिथे आहेत, पगार १९,०००. मला २५ कसे, असं त्यांनी विचारलं नाही, मीच मनात विचारलं.

शाळेला मेलवर तीन गोष्टी विचारल्या: करार बारा महिन्यांचा होईल का, व्हिसाचे कागद आधी पाठवाल का, बी.एड.मुळे लायसन्स काढायला मदत कराल का. उत्तरं: बारा महिने नाही, पण एप्रिलच्या कॅम्पचे ९,००० देऊ. कागद आधी पाठवू. लायसन्सला मदत करू आणि ते मिळालं की पगार २८,०००. एजंट मधे नाही म्हणून त्यांचेही पैसे वाचले असणार, त्यामुळे पहिल्या महिन्याची खोली शाळेकडून. हे मी मागितलं! बाटवाले दादा, तुमच्यामुळे.

नोव्हेंबरात नाही, मे महिन्यात जातेय. हिशेबनीसकाका, ४० दिवस.

वहीत नवीन हिशेब मांडलाय. गुणिले १०. पहिल्या वर्षी एक लाख दहा हजार उरतात. इथे राहिले तर जवळपास तेवढेच. तरी जातेय. दोन वर्षांनी शारजा बघेन, बाय, तुमचा बेसिकचा धडा लक्षात आहे.

आईने सगळं ऐकून एकच विचारलं, तिथे नारळ मिळतो का.

तीन_वर्षं_बाटात

आईंना सांग, भरपूर, आणि इथल्याहून स्वस्त. फणसही. फक्त उकडे तांदूळ मिळत नाहीत, दहा किलो ने. आमसुलं पण ने.

पेडण्याची_सून

आमसुलं कशाला, आगळच ने की बाटलीभर.

माशाचा_मास्तर

आगळ चेक-इन सामानात, हातात नको. झाकणाला टेप, वर प्लास्टिक, त्यावर जुना टॉवेल. माझी बाटली माले विमानतळावर फुटली होती. पांढरे शर्ट सगळे गुलाबी. पहिला आठवडा मी गुलाबी शर्टातच शिकवलं.

पात्राव_७७

आता बॅग पूर्ण भर गो.